मुक्ता म्हणून हाक मारताना

मुक्ता हे नाव सुचवलं की दोन आक्षेप हमखास येतात. एक म्हणजे नाव जुनं आहे. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, बहुधा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून: "अगं, ती पोर अठराव्या वर्षी गेली. तिचं नाव कशाला?"

आमच्याकडे बारशाच्या तयारीत हे दोन्ही आक्षेप निघाले. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा होता. पहिल्या आक्षेपाला मी उत्तरच दिलं नाही, कारण नावाचं जुनेपण मला दोष वाटत नाही. दुसऱ्याने मात्र मला धरून ठेवलं. आपल्याकडे नावाबरोबर प्राक्तनही येतं असं मानणारी माणसं पुष्कळ आहेत. सीता नाव ठेवलं तर पोरीच्या वाट्याला वनवास येईल असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या त्या म्हणण्यात माया होती. तेव्हा ही शंका झटकून टाकणं मला बरं वाटेना. मुक्ता हे नाव मुलीला द्यावं का, दिलं तर आपण तिला नक्की काय देतो, याचा विचार तेव्हापासून मनात चालू आहे.

मुलांना देवाची, संतांची नावं ठेवण्यामागे आपल्या परंपरेचा एक साधा विचार आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची गोष्ट येते. आयुष्यभर वाईट वाटेने गेलेला हा माणूस मरणाच्या दारात भेदरून आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचं नाव नारायण. हाक मुलासाठीच होती, तरी तेवढ्या नावाने विष्णूचे दूत धावून आले. कीर्तनात ही गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या पिढ्यांनी घराघरांत राम, गोविंद, गंगा, तुळसा अशी नावं ठेवली. पाण्याचा तांब्या आणायला म्हणून हाक मारली तरी तेवढं नामस्मरण होतं. म्हणजे नाव हे ज्याला दिलं त्याच्याइतकंच, किंबहुना जास्त, हाक मारणाऱ्यासाठी असतं. मुलगी स्वतःचं नाव दिवसातून कितीदा घेते? आई मात्र शंभरदा घेते.

मुलींच्या नावांना शास्त्राने नियमही घालून दिले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की स्त्रीचं नाव सुखाने उच्चारता येणारं, कठोर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं आणि आशीर्वाद सांगणारं असावं. मुक्ता या कसोटीला पूर्ण उतरतं. पण त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही असं वचन आहे. एकाच ग्रंथात नावापुरता आशीर्वाद आणि जगण्यापुरता बंदोबस्त, हे दोन्ही शेजारी नांदतात. मुक्ता या नावाकडे बघताना ते वचन मला विसरता येत नाही.

आणि नाव शापासारखं वापरलं गेल्याचंही आपण पाहिलं आहे. मुलगा हवा असताना मुलगीच झाली म्हणून तिला नकुशा म्हणायचं, म्हणजे पुढची तरी मुलगी होणार नाही, ही रीत फार जुन्या काळातली नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशांना समारंभाने नवी नावं देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज 'नकोशी' ऐकून 'हजर' म्हणणाऱ्या मुलीच्या मनात काय साचत असेल? नावाने काय होतं, असं सहज विचारणाऱ्याने त्या हजेरीपटाचा विचार करावा.

आता मुक्ता. शब्द 'मुच्' धातूवरून आलेला, सोडणं, सुटणं या अर्थाचा. मुक्ता म्हणजे बंधनातून सुटलेली. मुक्ता म्हणजे मोतीही, शिंपल्यातून मोकळं झालेलं. स्वाती नक्षत्राचा थेंब समुद्रातल्या शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही कल्पना भर्तृहरीच्या श्लोकात आहे. तोच थेंब तापल्या लोखंडावर पडला तर मागमूस राहत नाही, कमळाच्या पानावर पडला तर मोत्यासारखा नुसता दिसतो. मोत्याचा अर्थ गोड आहे, बारशाला आलेल्या पाहुण्यांना पटकन आवडतो. पण मराठी माणसाच्या कानाला मुक्ता म्हटल्यावर आधी मोती आठवत नाही. आधी मुक्ताई आठवते. हे नाव आपल्याकडे एका मुलीच्या मालकीचं झालं आहे आणि त्याचा अर्थ तिच्या आयुष्यातूनच वाचायला हवा.

त्या चार भावंडांची नावं जन्मक्रमाने म्हणून बघा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी विषयांतून मन मागे घेणं, मग ज्ञान, मग ज्ञानाने चढायची पायरी, आणि शेवटी मुक्ती. साधनेचा अख्खा मार्ग एका घराच्या पाळण्यात क्रमाने येऊन गेला. ही नावं ठेवणारा बाप कोण होता, तर काशीला जाऊन संन्यास घेतलेला आणि गुरूच्या आज्ञेवरून पुन्हा संसारात परतलेला विठ्ठलपंत. गावाने त्याला वाळीत टाकलं होतं. मला नेहमी वाटतं, जो मार्ग त्याला अर्ध्यावर सोडावा लागला, तो त्याने लेकरांच्या नावांत लिहून ठेवला असावा. आणि त्या मार्गाचं शेवटचं ठिकाण त्याने मुलीला दिलं. मुलगी झाली म्हणून तिला उणं नाव दिलं नाही. तिला मोक्षाचं नाव दिलं.

शके १२०१, म्हणजे इ.स. १२७९ हे तिचं जन्मवर्ष परंपरेने मानलं जातं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. संन्याशाची पोरं म्हणून हेटाळणी, आईवडिलांचं देहान्त प्रायश्चित्त, चार पोरकी मुलं, पैठणला शुद्धिपत्रासाठी केलेली पायपीट. मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळेना म्हणून रडत घरी आलेली मुक्ता, आणि तिच्यासाठी जठराग्नी पेटवून पाठ तापवणारा ज्ञानदेव, ही गोष्ट लहानपणी ऐकताना आपण चमत्काराकडे पाहतो. मोठेपणी मला त्यातली मुलगी दिसते. घरात बाई माणूस म्हणून उरलेली तीच, सगळ्यांत लहान, आणि चुलीचं काम तिच्याकडे.

यानंतर ताटीच्या अभंगांचा प्रसंग. माझ्या मते मुक्ता या नावाचा खरा अर्थ इथेच आहे.

कुणीतरी ज्ञानदेवांचा अपमान केला. संन्याशाच्या पोराचं तोंड दिसलं, अपशकुन झाला, अशा धर्तीचं काहीतरी बोललं. ज्ञानदेव खिन्न होऊन झोपडीत शिरले आणि ताटी, म्हणजे कुडाचं दार, आतून लावून घेतली. गीतेवर टीका सांगणारा, योगी म्हणवला जाणारा भाऊ रुसून आत बसलेला आणि दाराशी उभी असलेली धाकटी बहीण. ती काय म्हणते?

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्ही । संती सुखे व्हावे पाणी ॥
शब्द शस्त्रे झाले क्लेश । संती मानावा उपदेश ॥
विश्वपट ब्रह्म दोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

यात तिने भावाची समजूत घातली आहे असं आपण सहज म्हणतो. पण नीट वाचलं की लक्षात येतं, ती त्याला त्याचंच तत्त्वज्ञान परत करते आहे, आणि तेही अजिबात सवलत न देता. तुझ्यावर अन्याय झाला, असं एकदाही म्हणत नाही. अन्याय झालाच होता, तिच्यावरही झाला होता, त्याच शब्दांनी ती रोज भाजत होती. तरी म्हणते, जग आगीसारखं झालं तर संताने पाणी व्हावं. पुढच्या एका अभंगात तर ती इतकं घरगुती बोलते की अंगावर काटा येतो: आपलाच हात आपल्याला लागला तर त्याचं वाईट वाटून घेऊ नये, जीभ दातांखाली सापडली म्हणून बत्तिशी कोणी पाडली आहे? ज्याने दुखावलं तो परका नाहीच, अद्वैत ते हेच. शंभर पानी भाष्यात जे मांडावं लागतं ते तिने जीभ आणि दातांवर आणून ठेवलं.

गीतेच्या पाचव्या अध्यायात मुक्ताची व्याख्या आहे: 'विगतेच्छाभयक्रोधो यः सदा मुक्त एव सः'. इच्छा, भय आणि क्रोध ज्याचे गेले, तो सदा मुक्तच. इथे मरणानंतरच्या कुठल्याही लोकाची भाषा नाही. जिवंतपणी, चालत्याबोलत्या माणसाची गोष्ट आहे. ताटीमागे बसलेल्या भावाला क्रोधाने बांधलं होतं, आणि बाहेर उभी असलेली मुलगी त्या व्याख्येप्रमाणे मुक्त होती. एवढंच नव्हे, ती त्याला सोडवायला आली होती. शेवटी ती लाडात येऊन म्हणते:

लडिवाळ मुक्ताबाई । जीव मुद्दल ठायीचे ठायी ॥
तुम्ही तरून विश्व तारा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

तुम्ही तरा आणि जगाला तारा. एकट्याचं तरून जाणं तिच्या हिशेबात पुरेसं नाही. दार लावून केलेली साधना, मग ती कितीही उंचीची असो, तिला मान्य नाही. मोक्षाची कल्पना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जगाकडे पाठ फिरवून डोंगरात गेलेला कोणीतरी येतो. ज्या मुलीचं नावच मुक्ता, ती मात्र बाहेर उभी राहून दार उघडायला सांगते, परत माणसांत ये म्हणते. वारकरी संप्रदायात मुक्तीला फार मोठं आसन कधीच नव्हतं. 'न लगे मुक्ती आणि संपदा, संतसंग देई सदा' असं तुकोबांनी मागितलं आणि त्यासाठी पुन्हा गर्भवास सोसायची तयारी दाखवली. मुक्ती नको म्हणणाऱ्या या लोकांच्या गजरात मुक्ताबाई कशी, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. ताटीचे अभंग वाचल्यावर तो सुटला. तुकोबांनी नाकारली ती माणसांपासून सुटका. मुक्ताईची मुक्ती माणसांकडे घेऊन येणारी आहे, तिच्याशी त्यांचं भांडण असायचं कारण नाही.

चांगदेवांची गोष्टही मला याच अंगाने महत्त्वाची वाटते, आणि नावाच्या संदर्भात तर फारच. चौदाशे वर्षं योगबळाने मृत्यूला चुकवत राहिलेला हा सिद्ध ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर स्वतःचा अहंकार आड येतो. कोणत्या नात्याने, कोणत्या नावाने हाक मारावी हेच कळेना, म्हणून त्याने कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ता म्हणाली, चौदाशे वर्षं जगून चांगदेव कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, पण चांगदेवांना शिष्य म्हणून स्वीकारलं ते मुक्ताईने. आयुष्य लांबवता येतं, मृत्यू पुढे ढकलता येतो, तरी माणूस बांधलेलाच राहू शकतो. घरातल्या त्या वडीलधाऱ्या बाईच्या शंकेचं उत्तर मला पहिल्यांदा इथे दिसलं. एकीकडे चौदाशे वर्षं, दुसरीकडे जेमतेम अठरा, आणि गुरू झाली ती अठरा वर्षांची.

गोरोबाकाकांच्या घरी भरलेल्या संतमेळ्यात कोणाचं मडकं कच्चं ते थापटण्याने बघा, असं सुचवणारीही तीच. नामदेवांना डोक्यावर थापटी बसल्याचा राग आला आणि मडकं कच्चं ठरलं. रागावरून पारख करायची, ही तिची नेहमीचीच कसोटी.

तिच्या जाण्याबद्दल मी खूप विचार केला. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, सोपानदेवांनी सासवडला, निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरला. मुक्ताईच्या बाबतीत परंपरा वेगळंच काही सांगते. शके १२१९, म्हणजे १२९७ च्या वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, असं सांगतात. तिन्ही भावांना जमिनीत जागा आहे. तिच्या बाबतीत देह मागे राहिला असं लोकांनी म्हटलंच नाही. ज्यांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना तिच्या नावाचा अर्थ नेमका कळला होता. जिचं नाव मुक्ता, तिला खड्ड्यात उतरवून वर शिळा सरकवायची कल्पना त्यांना सहन झाली नसावी. विजेने नेलं, हे त्यांनी मोठ्या प्रेमाने म्हटलं आहे.

जळगाव जिल्ह्यात ज्या परिसरात हे घडलं असं मानतात, तिथलं एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखलं जातं. जवळच कोथळीला तिचं जुनं मंदिर आहे, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं दगडी देऊळ. महाशिवरात्रीला यात्रा भरते ती दोघांचीही, गुरूची आणि शिष्याची. मी तिथे गेले तेव्हा एक बाई आपल्या लेकीला मंदिराच्या ओट्यावर दामटवून भात भरवत होती आणि "मुक्ते, गिळ गं लवकर" म्हणून ओरडत होती. मला ते फार आवडलं. अजामिळाच्या गोष्टीतली हाक ती हीच, चिडून, घाईने, रोजच्या कामातून मारलेली. आषाढी जवळ आली की इथून तिची पालखी निघते आणि महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोहोचते. वारीत तिला आदिशक्ती म्हणतात. जनाबाईंच्या अभंगात निवृत्तिनाथ सदाशिव आहेत, ज्ञानेश्वर महाविष्णू, सोपान ब्रह्मा, आणि मुक्ताबाई आदिशक्ती, जिच्या पायी दासी जनी लागते. सगळ्यांत धाकटीला लोकांनी मुक्ताई म्हटलं. आई केलं. जिची आई लहानपणीच गेली, तिच्या नावापुढे लोकांनी आई लावून दिली.

नावाचा प्रवास तेराव्या शतकात थांबला असता तर मी एवढा आग्रह धरला नसता. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एका मुलीचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. मातंग समाजातली शाळकरी पोर थेट देवाला विचारते, आमचा धर्म कोणता ते सांग. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आम्ही धर्माविनाच आहोत का? तिच्या लिखाणातला संताप धगधगता आहे आणि तो तसा असायलाच हवा होता. ताटीच्या अभंगातली शांती इथे तशीच्या तशी मागणं अन्यायाचं होईल. संताला पाणी हो म्हणता येतं. ज्याच्या घरालाच आग लावली, त्याला ते म्हणायचा अधिकार आग लावणाऱ्याला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मुक्ताईचे अभंग सोसत राहण्याचा सल्ला म्हणून वापरणारी माणसं मी ऐकली आहेत. पण साळव्यांची मुक्ता निबंधाच्या शेवटी आपल्या लोकांना काय सांगते? ज्ञानाचं औषध घ्या, म्हणजे बरे व्हाल. स्वतः शिकली आणि लगेच वळून बाकीच्यांना हाक मारू लागली. ज्ञान आधी, मुक्ती नंतर, आणि तरायचं ते सगळ्यांनी. या दोन मुलींमध्ये साडेपाचशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, त्यांच्या वाट्याला आलेला समाजही एक नाही. तरी नाव दोघींनी एकाच रीतीने सार्थ केलं.

यानंतर घरातल्या त्या वडीलधाऱ्या बाईंना मी जे उत्तर दिलं ते असं: आपण मुलीला मुक्ताईचं आयुष्य देत नाही, ते कोणाला देताही येत नाही. आपण तिला एक काम देतो. स्वतः रागालोभात अडकायचं नाही आणि कोणी दार लावून बसलं असेल तर दाराशी जाऊन हाक मारायची. किती वर्षं, हा प्रश्न त्या कामाला लागू होत नाही. त्या ऐकून घेऊन थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग ताटीचे अभंग तिला लवकर पाठ कर." मी करवून घेते आहे.

एक गोष्ट मात्र मी बारशाच्या वेळीच तिच्या आईबापांकडून कबूल करून घेतली. माझ्या आजीचं माहेरचं नाव मुक्ता होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने दुसरंच नाव लिहिलं गेलं, आणि सासरी ती मरेपर्यंत त्या दुसऱ्या नावाने राहिली. मुक्ता म्हणणारे फक्त तिचे भाऊ उरले, तेही भाऊबीजेपुरते. ते गेल्यावर या जगात तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही. आम्हा नातवंडांना तर तिचं हे नाव ती गेल्यावर जुन्या कागदांत सापडलं. जिला मुक्ता म्हणायचं तिचं नाव असं कोणाच्या तरी इच्छेने पुसता येत असेल, तर ते ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून आमच्या मुक्ताच्या बाबतीत ठरलं आहे: ती लग्न करो वा न करो, कोणत्याही घरात राहो, ताटातल्या तांदळावर अंगठीने काही लिहायचंच झालं तर तीही मुक्ताच लिहायची.